वेताळ टेकडीवरचं 'पान' आणि झाडं कुठून कुठे गेली

तुम्ही विचारलंय की पुण्यातल्या वेताळ टेकडीवर मिळालेल्या दगडावर फर्नसारखी काळी नक्षी आहे तर ते जीवाश्म आहे का, आणि अशा पानावरून झाड मुळात कुठलं ते कसं कळतं. पहिल्याचं आधी सांगतो, वाईट वाटून घेऊ नका, ते पान नाहीये. डेंड्राइट म्हणतात त्याला. दगडाच्या चिरेत पाणी झिरपून मँगनीजचं ऑक्साइड साचत गेलं की अशी फांद्या फुटल्यासारखी नक्षी होते. भिंगाखाली धरा, पानाच्या शिरा कुठेच दिसणार नाहीत, नुसती फाट्याला फाटा फुटत कडेला विरत जाते. मी कॉलेजात असताना असाच एक दगड रुमालात गुंडाळून सरांकडे नेला होता, ते हसले नाहीत, चहा पाजला, त्यावरूनच काय ते समजलो.

पुण्याखालचा दगड म्हणजे लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात पान कुठलं टिकायला! पण एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा यायला कधीकधी बराच काळ जायचा, मधे तळी व्हायची, झाडं वाढायची, पानं-फळं गाळात पडायची आणि मग वरून पुढचा लाव्हा झाकण घालायचा. असे मधले थर नागपूर-छिंदवाड्याकडे चांगले आहेत, त्यात मोहगावकलां फार प्रसिद्ध. आपल्या पुणे विद्यापीठातल्या प्रा. महाबळ्यांनीही ताडवर्गातल्या अशा जीवाश्मांवर काम केलंय. मोहगावला निपाची फळं मिळाली, निपा म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारा ताडाचा भाऊबंद, आज सुंदरबन नाहीतर अंदमानात बघायला मिळतो. त्यावरून तेव्हा खाडीचं पाणी छिंदवाड्यापर्यंत आलं असणार असं वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानींनी मांडलं. आणि हीच निपाची फळं लंडनजवळच्या ५ कोटी वर्षांच्या चिकणमातीतही सापडतात, म्हणजे तिथे तेव्हा किती उबदार असेल बघा.

पण इथेच लोक घाई करतात. जीवाश्म मिळाला म्हणजे झाड तेव्हा तिथे होतं, बास. ते कुठून आलं हे एका जीवाश्मावरून कळत नाही, वेगवेगळ्या ठिकाणच्या जीवाश्मांची वयं ओळीने लावावी लागतात आणि बी कशाने पसरतं तेही बघावं लागतं. निपाचं फळ पाण्यावर तरंगत जातं त्यामुळे त्याच्याबाबतीत समुद्र हाच रस्ता.

साल वृक्षाचं बरोब्बर उलटं. बीला पाच पंख, गरगरत पडतं पण झाडापासून फार लांब जात नाही आणि आठवडाभरात रुजलं नाही तर वाया. मग साल ज्या कुळातला आहे ते डिप्टेरोकार्प कूळ आफ्रिकेतही आणि आग्नेय आशियातही कसं? बोर्निओची जंगलं तर त्याच झाडांनी भरलीयेत, म्हणून बरीच वर्षं मूळ तिकडचंच धरायचे. मग सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत ५ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर, म्हणजे दगडासारखी घट्ट झालेली राळ, निघाला, आत किडे अडकलेले, आणि रसायन तपासलं तर ती याच कुळातल्या झाडांची राळ निघाली. (धुपात टाकतो ती राळ सालाचीच बरं का.) पुढे २०२२ साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात पेपर आला, त्यात परागकण आहेत: आफ्रिकेत सगळ्यात जुने, मग भारतात लाव्ह्याच्या आसपासच्या काळातले. आग्नेय आशियातले नंतरचे. म्हणजे कूळ आफ्रिकेकडून आपल्याकडे आलं, भारताचा तुकडा उत्तरेला सरकत आशियाला धडकला आणि तिथून पुढे पूर्वेला पसरलं. भारतातून आशियात जाताना झाडाने समुद्र ओलांडला नाही, जमीनच त्याला घेऊन गेली म्हणा ना. मला तरी हे पटतं, परागकणाचं कवच इतकं चिवट असतं की लाकूड-पान कुजून गेलं तरी ते उरतं. फक्त तो वाऱ्याने लांबूनही येतो, म्हणून सोबत पान किंवा लाकूड मिळालं तर जास्त भरवसा.

माझ्याकडे चंद्रपूरच्या मित्राने दिलेला शेलचा (गाळ घट्ट होऊन झालेल्या दगडाचा) तुकडा आहे, त्यावर ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाचं जिभेसारखं पान. कोरडं असताना नुसता काळा डाग वाटतो, ओलं बोट फिरवलं की मधली शीर आणि दोन्ही बाजूंची जाळी उठून दिसते. २५ कोटी वर्षांहून जुनं. हेच पान दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, आणि १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मेलेल्या स्कॉटच्या तुकडीजवळही, ओढायची ताकद संपली तरी त्यांनी १६ किलो दगड टाकले नव्हते. पानं इतक्या लांब लांब सापडली म्हणून तर हे सगळे खंड एकत्र होते असं म्हणायला आधार मिळाला, आणि त्या जमिनीला नाव पडलं ते गोंडांवरून, गोंडवाना.

तुमच्या दगडाचं म्हणाल तर फेकू नका, डेंड्राइट म्हणून छानच दिसतोय. तरी एकदा ओला करून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून जवळून फोटो टाका, शीर दिसली तर मी वरचा पहिला परिच्छेद मागे घेतो.