टोकियोत खायचं काय, घ्यायचं कुठं?

प्रश्न : मुलाकडे टोकियोला चाललोय. ही शाकाहारी, मला मटण-मासे चालतात, पण बीफ नको. बाहेर कसं जमवायचं? (एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : वहिनींची अडचण रश्शात आहे. नुसती भाजी किंवा तोफू दिसला, तरी खालचं पाणी बहुधा ‘दाशी’चं, म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचं असतं. सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, मिसो सूप, सगळीकडे तेच. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर मासा येतोच. मुलाकडून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या : मांस, मासे, माशाची दाशी नको, कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी चालेल. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ जेवण शाकाहारी. त्यात कांदा-लसूणही नसतो, तेवढं कोल्हापुरी जिभेला सोसावं लागेल! तुम्ही जपानी करीपासून जपा. तिच्या तयार मसाला-वड्यांत अनेकदा बीफची चरबी असते.

रामेनच्या (रश्शातल्या शेवयांच्या) बऱ्याच दुकानांत दारातल्या यंत्रावर आधी तिकीट काढायचं. काही यंत्रं फक्त रोख घेतात, म्हणून हजार येनच्या नोटा जवळ हव्यात. टिप देऊ नका.

त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार 2018 मध्ये तोयोसूला गेला, पण बाहेरची दुकानं तिथंच आहेत. सकाळीच जा, दुपारी आवरतात. सुऱ्या-भांड्यांसाठी काप्पाबाशीचा बाजार, रविवारी बरीच दुकानं बंद. सुरी विमानात चेक-इन बॅगेतच. मसाले, डाळी शिन-ओकुबो भागात मिळतात. मुलासाठी सुकं मटण मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील.