तुमचे प्रश्न: क्रॉसबो घेताय? आधी अंतर ठरवा

ओहायोत आर्चरी सीझन, म्हणजे धनुष्यबाणाने हरणं मारायचा मोसम, सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो तो फेब्रुवारी लागेपर्यंत चालतो, त्यामुळे ऑगस्ट आला की ह्या सदराच्या मेलबॉक्समध्ये गणपतीच्या प्रश्नांबरोबर क्रॉसबोचे, म्हणजे बंदुकीसारखं धरून ट्रिगरने बाण सोडायच्या धनुष्याचे, प्रश्नही येऊन पडतात. ह्या वेळी जरा जास्तच आलेत म्हणून सगळे एकत्र घेतोय. नियम राज्याप्रमाणे बदलतात हे धरूनच वाचा, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आर्चरी सीझनमध्ये सगळ्यांना क्रॉसबो चालायला २००९ उजाडलं आणि ओरेगॉनमध्ये तर शिकारीला क्रॉसबो चालतच नाही.

प्रश्न: काका नमस्कार, मी डेटनजवळ राहतो. ऑफिसमधल्या एकाबरोबर मागच्या वर्षी जंगलात बसून आलो आणि आता स्वतःचा क्रॉसबो घ्यायचाय. दुकानदार म्हणतो सेकंदाला ४०० फूट स्पीडवालाच घ्या, जितका फास्ट तितका चांगला. बजेट हजार डॉलरपर्यंत आहे. काय घेऊ?

उत्तर: दुकानदाराला ४०० वालाच विकायचाय, तो दुसरं काय सांगणार. बॉक्सवरचा स्पीड हा कंपनीने हलका बाण लावून काढलेला आकडा असतो, तुम्ही शिकारीचा जड बाण लावलात की तो खाली येतो. आणि खाली आला तरी काही बिघडत नाही. ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) बाण सेकंदाला ३०० फुटाने गेला तर त्यात साधारण ८० फूट-पौंड ताकद असते आणि हरणासाठी ४० च्या आसपास असली तरी लोक पुरे समजतात, म्हणजे ३०० वाल्यातही दुप्पट आहे. ह्याच्या वर जे पैसे जातात ते हरणासाठी नाही, मित्राला सांगायला.

मी काय बघतो ते सांगतो. पहिलं म्हणजे ट्रिगर, दाबताना खरखर लागते का, अचानक सुटतो का. दुसरं वजन आणि तोल. क्रॉसबोचं वजन बहुतेक पुढच्या बाजूला असतं, दुकानात दोन मिनिटं धरला की हलका वाटतो, झाडावर तासभर मांडीवर ठेवला की कळतं. तिसरं रुंदी, कारण कॉक केल्यावर, म्हणजे स्ट्रिंग ओढून अडकवल्यावर, टोकापासून टोकापर्यंत किती जागा लागते त्यावर तो तुमच्या ब्लाइंडच्या, म्हणजे लपून बसायच्या तंबूच्या, खिडकीत मावणार की नाही हे ठरतं. लिम्ब म्हणजे धनुष्याचे ते दोन हात, बाण सुटताना ते झटकन बाहेर उघडतात आणि खिडकीच्या कापडाला किंवा ट्रीस्टँडच्या, म्हणजे झाडावरच्या मचाणाच्या, कठड्याला आपटले तर नेम तर जातोच, लिम्बही तुटू शकतो.

रिकर्व्ह की कंपाउंड हेही विचाराल म्हणून सांगून टाकतो. रिकर्व्हमध्ये चाकं नाहीत, केबल नाहीत, स्ट्रिंग खराब झाली तर घरच्या घरी बदलता येते, पण तो रुंद असतो आणि ओढायला जड जातो. कंपाउंड अरुंद, त्याच ताकदीला ओढायला सोपा, पण स्ट्रिंग-केबल बदलायची म्हणजे लिम्ब दाबून धरणारा प्रेस लागतो, मग दुकान आलंच. तुमच्या गावाजवळ चांगलं आर्चरीचं दुकान असेल तर कंपाउंड घ्या, नसेल तर विचार करा. टेनपॉइंट कंपनी तर आपल्या ओहायोतच मोगॅडोरला आहे, त्यांचाच स्वस्तातला ब्रँड विकेड रिज, तो तुमच्या बजेटमध्ये बसतो. बार्नेट, सेंटरपॉइंट पण बघा. पण हजार डॉलर सगळे क्रॉसबोवर घालवू नका, अंतर मोजायचा रेंजफाइंडर, क्रॉसबोला चालेल असं फोमचं टार्गेट, जास्तीचे बाण आणि झाडावर चढणार असाल तर अंगभर बसणारा हार्नेस (झाडाला अडकवायचा पट्टा) हे सगळं त्यातच बसवा.

बाणाचं एक नीट लक्षात ठेवा. मागचं नॉक, म्हणजे स्ट्रिंग जिथे बसते ती खाच, कंपनीने सांगितलंय तेच वापरायचं. सपाट, चंद्रकोरीसारखं, स्ट्रिंगला क्लिप होणारं असे वेगवेगळे प्रकार येतात आणि चुकीचं लावलं तर स्ट्रिंग बाणाच्या वरून सरकून जाते, म्हणजे बाण नसताना सोडल्यासारखंच झालं. ह्याला ड्राय फायर म्हणतात. सगळी ताकद लिम्बमध्येच परत जाते आणि नवाकोरा क्रॉसबो एका फटक्यात भंगारात. ओहायोच्या नियमात ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार टोक, किमान पाऊण इंच रुंद आणि दोन धारांचा लागतो, बाजारातले बहुतेक त्यात बसतात. सराव मात्र ज्या वजनाचा ब्रॉडहेड वापरणार त्याच वजनाच्या टोकाने करा आणि सीझनच्या आधी खरा ब्रॉडहेड लावून दोन-चार बाण मारून बघाच, सरावाचं टोक आणि ब्रॉडहेड एकाच जागी लागतील असं धरून चालू नका.

प्रश्न: माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. नवरा म्हणतो क्रँकवाला घे, त्याचा मित्र म्हणतो दोरीने होतं, उगाच पैसे कशाला. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, ह्या वेळी नवऱ्याचं ऐका. दोरीचा कॉकर, म्हणजे स्ट्रिंग हाताने ओढायची दोरी, वजन निम्मं करतो, म्हणजे २०० पौंडाच्या क्रॉसबोला तुम्हाला १०० च्या आसपास ओढावं लागतं, तेही कमरेतून सरळ वर आणि दोन्ही हात एकसारखे. एका खांद्यात जोर कमी असेल तर स्ट्रिंग एका बाजूला सरकून अडकते आणि मग बाण डावीकडे नाहीतर उजवीकडे जात राहतो आणि माणूस बिचारा स्कोपला दोष देत बसतो. क्रँकमध्ये हँडल फिरवायला अगदी थोडा जोर लागतो, लहान मूलही फिरवेल, वेळ जरा जास्त जातो एवढंच. क्रँक त्या मॉडेलला बसतो का हे मात्र घेण्याआधी विचारा, सगळ्यांना बसत नाही.

कोणताही घेतला तरी ही खूण करा: क्रॉसबो न ताणलेला असताना स्ट्रिंग रेलला, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीला, जिथे टेकते तिथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. कॉक केल्यावर त्या दोन रेघा रेलच्या दोन्ही कडांना सारख्या दिसल्या पाहिजेत, एक आत गेली आणि एक बाहेर आली तर उतरवून परत कॉक करायचा. पाय पुढच्या कडीत, म्हणजे रिकिबीत, घट्ट, टाच नाही तर तळव्याचा पुढचा भाग, आणि लॅचचा क्लिक ऐकू येईपर्यंत थांबायचं नाही. बहुतेकांमध्ये सेफ्टी त्याच वेळी आपोआप लागते, तरी बोटाने बघून घ्या.

आणि अंगठा! डाव्या हाताने पुढचा भाग धरताना अंगठा रेलच्या वर आला तर स्ट्रिंग तो घेऊन जाते, हे मी घाबरवायला म्हणत नाहीये, क्रॉसबोच्या दुखापतींमधली ही नेहमीची आहे. ज्या मॉडेलला बोटं अडवणारे पंख आहेत तेच घ्या. संध्याकाळी काहीच दिसलं नाही तर तसाच ताणलेला गाडीत टाकून घरी आणू नका, जुना बाण टार्गेटमध्ये सोडून रिकामा करा, काही मॉडेलमध्ये क्रँक उलटा फिरवून उतरवता येतो तर फारच छान.

प्रश्न: मी एच-वन-बी वर आहे. हत्यार ठेवलं म्हणून व्हिसाचा लफडा होईल का?

उत्तर: फेडरल कायद्यात मनाई आहे ती बंदुकीला, आणि तिलाही हंटिंग लायसन्स असलं तर अपवाद आहे. क्रॉसबो त्या कायद्यात बंदूक धरतच नाहीत. लायसन्स काढताना तुम्ही राज्यात किती दिवस राहताय ते बघतात, सिटिझन आहात का ते नाही. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा, ऑनलाइनही होतो. नाहीतर अप्रेंटिस लायसन्सवर अनुभवी परवानाधारकाबरोबर जा. लायसन्स असलं तरी हरणाचं परमिट वेगळं आणि दुसऱ्याच्या जमिनीवर जाणार असाल तर मालकाची लेखी परवानगी, ती खिशात ठेवा. व्हिसाला धोका क्रॉसबोने नाही, नियम मोडून केस झाली तर आहे. अपार्टमेंटच्या लीजमध्ये काय लिहिलंय ते मात्र तुमचं तुम्ही वाचा.

प्रश्न: यूट्यूबवर लोक ८० यार्डावर संत्रं उडवतात. माझेपण ५० यार्डावर तीन बाण चहाच्या बशीएवढ्या जागेत बसतात. मग हरणाला ५० वरून मारायला काय हरकत?

उत्तर: संत्र्याला कान नसतात.

हिशोब करू या. ५० यार्ड म्हणजे १५० फूट. सेकंदाला ३०० फुटाच्या बाणाला तिथे पोचायला अर्धा सेकंद लागतो, वाटेत तो हळू होतो म्हणून थोडा जास्तच. आवाज सेकंदाला ११०० फुटाच्या वर पळतो, म्हणजे क्रॉसबोचा खट्ट हरणाला सेकंदाच्या सातव्या हिश्शात ऐकू जातो आणि क्रॉसबो तर साध्या धनुष्यापेक्षा जास्तच वाजतो. उरलेल्या वेळात घाबरलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं, मुद्दाम बाण चुकवायला नाही, उडी मारायला पाय गोळा करतं, आणि तुम्ही फुप्फुसावर धरलेला बाण पाठीच्या वरच्या मांसात जातो नाहीतर सरळ वरून निघून जातो. आता तुम्ही म्हणाल मग ४०० वाला घेतो. घ्या, पण ५० वर त्यालाही सेकंदाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ लागतो, हरणाला तेवढा पुरतो. २५ यार्डावर मात्र ३०० वालासुद्धा पाव सेकंदात पोचतो. म्हणजे अंतर निम्मं केलं की जे मिळतं ते हजार डॉलर जास्त देऊन मिळत नाही.

माझं मत ३० यार्ड, हरीण शांत चरत असेल तर ३५, आणि मान वर करून तुमच्याकडे बघत असेल तर २० वर असलं तरी थांबा. आडवं उभं असलेलं किंवा किंचित पाठमोरं, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाला धरून. समोरून नाही, डोक्याला नाही. झाडावरून मारताना बाण कुठून आत जातो ह्यापेक्षा पलीकडे कुठून बाहेर येईल ते डोळ्यापुढे आणायचं. झाडावर चढताना क्रॉसबो हातात नको, बाण काढलेला, दोरीला बांधून नंतर वर ओढायचा आणि हार्नेस जमिनीवरूनच अडकवलेला पाहिजे. ट्रीस्टँडवरून पडून जेवढे शिकारी जायबंदी होतात तेवढे बाणांनी होत नाहीत. गन सीझन चालू असेल तर तुमच्या हातात क्रॉसबो असला तरी नारिंगी जॅकेट लागतंच.

प्रश्न: बाण लागला, हरीण पळालं, मी लगेच मागे धावलो, दोन तास शोधलं, सापडलं नाही. काय करायला हवं होतं?

उत्तर: लगेच धावायला नको होतं. बाणाने हरीण धक्क्याने पडत नाही, रक्त जाऊन मरतं, त्याला वेळ द्यावा लागतो. हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ते झाड डोक्यात पक्कं करा, मग बाण शोधा, तो बऱ्याचदा आरपार जाऊन मातीत रुतलेला असतो. त्यावर गुलाबीसर लाल रक्त आणि बारीक बुडबुडे असतील तर फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा, फार लांब जात नाही. काळपट लाल असेल तर लिव्हर, काही तास थांबा. हिरवट, घाण वास येणारं असेल तर पोटात लागलाय, मग सहा-आठ तास हलायचंच नाही, कारण तुम्ही मागे गेलात की ते उठून आणखी लांब जातं आणि रक्ताचा माग तिथेच संपतो. शेवटच्या रक्ताच्या थेंबावर टिश्यू पेपर ठेवत जा, मागे वळून बघितलं की दिशा कळते.

प्रश्न: आमच्या चंद्रपूरकडच्या शेतात रोही, रानडुकरं, हरणं सगळं पीक खातात. अमेरिकेतल्या भावाकडून क्रॉसबो मागवला तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार गुन्हा आहे, शेत तुमचं असलं आणि पीक तुमचं गेलं तरी. पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांसाठी वनखात्याच्या लेखी परवानगीची वाट कायद्यात आहे, ती घरबसल्या धरायची नसते. नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते, फोटो काढून ठेवा. भावाला दुसरं काहीतरी आणायला सांगा.

प्रश्न: मराठी मासिकात हे असलं कशाला छापता? बिचाऱ्या हरणांनी काय केलंय? आणि मारून खाता तरी का?

उत्तर: खातो म्हणूनच मारतो. बिचारी म्हणाल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओहायोत व्हाइटटेल हरीण उरलंच नव्हतं, वाटेल तशी शिकार आणि जंगलतोड ह्यांनी संपलं होतं. मग बाहेरून आणून सोडली, जपली, १९४३ साली तीन काउंट्यांत शिकार परत सुरू झाली आणि आता ८८ च्या ८८ काउंट्यांत हरणं आहेत. लांडगे राहिले नाहीत, त्यामुळे हायवेवर गाडीखाली किती येतात हे तुम्हीही बघत असालच. तुम्हाला नको वाटत असेल तर त्याचा मान आहे, पान उलटा.

खाणाऱ्यांसाठी एक. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग ओहायोतल्या रानटी हरणात २०२० मध्ये वायन्डॉट काउंटीत पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, तरी सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, सांगते की टेस्ट पॉझिटिव्ह आली तर मांस खाऊ नका. शिजवून तो जात नाही, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या वाढवून उपयोग नाही. त्या भागात मारलं असेल तर टेस्ट करून घ्या, मेंदू आणि पाठीच्या कण्याला हात लावू नका, तिथून आख्खं धड दुसरीकडे न्यायलाही बंधनं असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात आतडी लगेच काढून पोटात बर्फाच्या पिशव्या भरल्या नाहीत तर मांस गेलंच समजा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत गेम चेक, म्हणजे मारलेल्या हरणाची राज्याकडे नोंद, करायचं विसरू नका. बाकी चरबी नसते म्हणून मटणासारखं परतत बसलात तर चामडं होतं, खांद्याचं मांस खोबऱ्याच्या वाटणात मंद गॅसवर झाकून ठेवा आणि पाठीचे तुकडे तव्यावर दोन मिनिटं ह्या बाजूला, दोन त्या.