वाचकांचे प्रश्न : पहिली मोटारसायकल घेताना

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून कराडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावापासून कॉलेज १८ किलोमीटर, त्यातला काही भाग महामार्गाचा. घरची स्प्लेंडर अधूनमधून चालवली आहे. वडील आता ती फारशी वापरत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरल्यापासून बुलेट ३५० घ्यावी असे मनात आहे. वडील म्हणतात १०० सीसीचीच घे, अ‍ॅव्हरेज मिळेल. मित्र म्हणतात लहान गाडीचा वर्षात कंटाळा येईल. काय करावे?
– एक विद्यार्थी, कराड तालुका

उत्तर : तुमच्या पत्रात वडिलांचे मत अ‍ॅव्हरेजवर आणि मित्रांचे मत पिकअपवर टेकलेले आहे, गाडी किती जड आहे हे मात्र कोणीच विचारलेले नाही, आणि पहिल्या गाडीच्या बाबतीत मी सर्वांत आधी तेच विचारतो. स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आहे, बुलेट ३५० चे सुमारे १९५. हा ८३ किलोंचा फरक म्हणजे सिमेंटची दीड पोती आणि वर थोडे. गाडी धावत असताना हे वजन जाणवत नाही. उलट जड गाडी रस्ता धरून चालते याचे समाधानच वाटते, आणि शोरूमच्या पाच मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये नेमके तेवढेच कळते. वजन कळते ते गाडी थांबल्यावर, म्हणजे अंगणातल्या चढावर ती मागे ढकलताना, कॉलेजच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीतून ओढून काढताना, किंवा सिग्नलला टेकलेला पाय वाळूवर सरकला की.

माझी पहिली गाडी मी पेट्रोल पंपावर पाडली. पेट्रोल भरून झाले होते, मागच्या माणसाने हॉर्न दिला, मी घाईघाईने हँडल पूर्ण वळवले आणि तसाच पुढचा ब्रेक दाबला; वेग माणसाच्या चालण्याएवढाही नव्हता. क्लचचा लिव्हर वाकला, इंडिकेटर फुटला आणि पंपावरचे सगळे बघत राहिले, पण गाडी हलकी असल्यामुळे ती मला एकट्याला उचलता आली. म्हणून कोणतीही गाडी पसंत करण्याआधी ती बंद करून न्यूट्रलमध्ये घ्या, हँडलला धरून थोड्याशा चढावर मागे ढकलत न्या आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. दम लागला किंवा तोल जातोसे वाटले, तर ती गाडी आज तरी तुमची नव्हे.

जीएसटीचा मुद्दा तर मला समजलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरे, पण तो १०० सीसीच्या गाडीवरही तितकाच उतरला. बुलेट स्वस्त झाली तशी स्प्लेंडरही झाली. खर्चाचाच हिशेब करायचा तर विम्याचाही करा. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वर्षाचा हप्ता ७५ ते १५० सीसीच्या गाडीला ७१४ रुपये आणि १५० ते ३५० सीसीच्या गाडीला १,३६६ रुपये आहे. टायर, चेन सेट, ब्रेक पॅड यांचाही खर्च जड गाडीला अधिक येतो.

आता ब्रेकविषयी, कारण नवख्याने गाडी निवडताना वजनाखालोखाल पाहायची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे मुलाला गाडी शिकवणारा प्रत्येक काका “पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील” असे सांगतो, आणि तो मुलगा पुढची दहा वर्षे फक्त पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतो. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते आणि नुसता मागचा ब्रेक जोरात दाबला तर ते चाक जाम होऊन गाडी आडवी घसरते. कोरड्या सरळ रस्त्यावर थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो, हँडल सरळ ठेवून ओला कपडा पिळावा तसा वाढत्या जोराने दाबायचा असतो. हे अंगात भिनायला महिने जातात, आणि तोवर चालकाची चूक सावरून घेणारी यंत्रणा गाडीत असलेली बरी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे; चाक जाम होण्याच्या बेतात आले की ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते. १२५ सीसी व त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असावेच लागते, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सीबीएसमुळे काकांच्या शिष्यांचीही थोडी सोय होते, पण चाक जाम होणे त्याने थांबत नाही.

तुमच्या भागाचा विचार केला तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते, रस्त्यावर पाला आणि चिखल पडलेला असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस ट्रॉली पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. ६० च्या वेगात जवळपास १७ मीटर. पुढे ब्रेक लागल्यावर थांबायला जे अंतर लागते, ते वेग दीडपट झाला की सव्वादोनपट होते. अशा वेळी १९५ किलोंची गाडी आणि दोन महिन्यांचा अनुभव ही जोडी मला नको वाटते.

वडिलांच्या म्हणण्याशीही मी पूर्ण सहमत नाही. १०० सीसीची गाडी गावातल्या रस्त्यांवर कितीही गुणी असली, तरी मागे कोणी बसलेले असताना महामार्गावर समोरून वारा येऊ लागला की सत्तरच्या पुढे तिच्याकडे फारसे काही शिल्लक राहत नाही, आणि ट्रक ओलांडायला घेतल्यावर हे उमगणे वाईट. तुमच्यासाठी १२५ सीसीचा वर्ग योग्य वाटतो. शाइन १२५ सुमारे ११३ किलोंची, तर रेडर १२५ सुमारे १२३ किलोंची असून तिच्या सीटची उंची ७८० मिलिमीटर आहे. हात थोडा सैल सोडता येत असेल, तर केवळ एबीएससाठी १५० सीसीच्या वर्गातील एफझीसारखी, सुमारे १३५ किलोंची गाडी पाहायला हरकत नाही. युरोपात १८ वर्षांच्या मुलाला थेट मोठी गाडी मिळत नाही, ३५ किलोवॉटपर्यंतच्या शक्तीचीच मिळते. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचे एक लायसन्स काढले की शंभर सीसी काय आणि हजार सीसी काय, कायद्याला सारखेच. मधली पायरी आपली आपणच घालून घ्यावी लागते.

खरे तर इतके सांगण्याचीही गरज नव्हती, कारण शिकण्यासाठी उत्तम गाडी तुमच्या दारात उभी आहे. तिचे टायर, ब्रेक लायनर आणि चेन बघून घ्या, आणि एक अख्खा पावसाळा तिच्यावर रोज कॉलेजला जा. दरम्यान पैसे साठू द्या, आणि त्यातले दोन-तीन हजार आयएसआय चिन्हाच्या, हनुवटी झाकणाऱ्या हेल्मेटसाठी आधीच बाजूला काढा. त्यानंतरही बुलेटच हवीशी वाटली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हाचे माझे उत्तर कदाचित वेगळे असेल.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात आरोग्य सेविका आहे. उंची बरोबर पाच फूट. चार वर्षे स्कूटर चालवते, पण वाड्यांकडे जाणारे रस्ते चढाचे आणि खडीचे असल्यामुळे तिची चाके खड्ड्यांत आपटतात. गिअरची गाडी घ्यायची आहे. पाय पोचणार नाहीत असे सगळे सांगतात.
– एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, तुमचे निदान अगदी बरोबर आहे. बहुतेक स्कूटरची चाके १० किंवा १२ इंचांची असतात, मोटारसायकलची १७ किंवा १८ इंचांची. मोठे चाक त्याच खड्ड्यावरून सहज निघून जाते.

पाय पोचण्याविषयी मात्र लोक सांगतात तितके घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. सीटवरून किंचित डावीकडे सरकून डावे पाऊल पूर्ण टेकले, की उजवा पाय ब्रेकवर ठेवून चढावरही गाडी धरता येते. त्यामुळे शोरूममध्ये बसून पाहताना डाव्या पायाची परीक्षा घ्या, आणि रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट घालूनच जा. सीटच्या उंचीइतकीच तिची पुढची रुंदी महत्त्वाची असते, कारण रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. शाइन १०० या गाडीची सीट ७८६ मिलिमीटर उंच असली तरी तिचे वजन सुमारे ९९ किलोच आहे. तुमच्यासाठी मी ती आधी पाहीन. अ‍ॅव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटरवर म्हणजे बरीच खाली आहे, पण ती लांब आणि दीडशे किलोंहून जड आहे. चिऱ्यांच्या गडग्यांमधल्या अरुंद पाणंदीत ती वळवणे हा वेगळाच व्याप होईल. थोडेसेच कमी पडत असेल, तर चांगला कुशनवाला सीटचा फोम तासून इंचभर उंची कमी करून देतो.

दोन गोष्टी विसरू नका. तुमच्या लायसन्सवर फक्त विनागिअर दुचाकीची नोंद असेल, तर गिअरच्या गाडीसाठी आधी शिकाऊ लायसन्स काढावे लागेल आणि ३० दिवसांनंतरच पक्क्याची चाचणी देता येईल. दुसरी गोष्ट सवयीची आहे. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलवर तिथे क्लच असतो. चार वर्षांची सवय असलेला तुमचा डावा हात घाबरल्यावर तोच लिव्हर दाबणार, गाडी इंजिनापासून सुटणार आणि उतारावर थांबण्याऐवजी अधिकच पळणार. शाळेच्या रिकाम्या मैदानावर आठ-दहा दिवस फक्त चालवणे आणि थांबवणे एवढेच करा, उतार दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला शिका, आणि शेवाळलेल्या घाटीवर जाण्याची घाई करू नका.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, १७ पूर्ण. क्लासला जाण्यासाठी त्याला २०१७ ची १५० सीसीची जुनी गाडी घेऊन देत आहे. काय तपासावे?
– एक पालक, नांदेड

उत्तर : सर्वांत आधी मुलाचा जन्मदाखला. गिअरच्या दुचाकीला १८ वर्षे पूर्ण लागतात, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी घ्यायची तर वर्षभर थांबा. या वर्षात त्याने सायकलने जावे किंवा तुम्ही सोडावे. मुलाची तक्रार होईल, होऊ द्या.

पुढच्या वर्षीसुद्धा २०१७ च्या गाडीत एबीएस असण्याची शक्यता कमी आहे, हे लक्षात घेऊन एप्रिल २०१९ नंतरची गाडी शोधा. गाडी पाहायला सकाळी न कळवता जा आणि इंजिनाला हात लावून पाहा. ते आधीच गरम असेल तर थंड गाडी सुरू होत नाही हे कोणीतरी तुमच्यापासून लपवत आहे. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नको, आणि डबल स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू फिरवताना मध्येच अडकता कामा नये. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. तिथे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, नक्षी कितीही खोल दिसली तरी रबर कडक झालेले असते आणि पावसात ते पकडत नाही. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून पाहा, कोणी वाचून दाखवले एवढ्यावर विसंबू नका. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या, आणि विमा स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे १४ दिवसांच्या आत अर्ज करा.