इंजिनाच्या पुस्तिकेतील ‘१६५ ग्रॅम’ म्हणजे तासाला किती लिटर डिझेल?

आपल्या देवगडच्या ट्रॉलरवर ११० अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि त्याच्या पुस्तिकेत इंधनखप ‘१६५ ग्रॅम प्रति अश्वशक्ती-तास’ असा छापला आहे, तर तासाला किती लिटर डिझेल धरावे, असे आपण विचारले आहे. शिवाय डिझेलचे उष्मांक मूल्य, म्हणजे एक किलो डिझेल जळून मिळणारी उष्णता, एका ठिकाणी किलोमागे १०,२०० किलोकॅलरी, दुसरीकडे ४२.७ मेगाज्यूल आणि तिसरीकडे ४५.६ मेगाज्यूल दिलेले आहे, त्यांपैकी खरे कोणते, असाही आपला प्रश्न आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मी बरीच वर्षे बोटींच्या डिझेल इंजिनांची कामे केली आहेत आणि हा हिशेब अनेकदा करून दिला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पूर्ण भारावर १६५ गुणिले ११० म्हणजे १८,१५० ग्रॅम, अर्थात तासाला १८.१५ किलो डिझेल. हे वजन झाले. पंपावर मात्र आपण माप घेतो. डिझेलचा एक लिटर साधारण ०.८३ किलो भरतो, म्हणून १८.१५ ला ०.८३ ने भागावे. उत्तर सुमारे २२ लिटर येते. किलोलाच लिटर समजण्याची चूक मी स्वतः उमेदवारीच्या काळात केली होती. त्या फेरीत जवळजवळ एक षष्ठांश डिझेल कमी पडले, बोट दुसऱ्या बोटीला दोर बांधून आणावी लागली आणि तांडेलासह सर्व खलाशांची रात्र समुद्रात गेली. तेव्हापासून आकडा लिहिताना त्याचे एकक सोडायचे नाही, हे मी कटाक्षाने पाळतो.

काही कंपन्या हाच खप किलोवॅट-तासाला देतात. एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे ०.७३५५ किलोवॅट, त्यामुळे आपले १६५ ग्रॅम म्हणजे किलोवॅट-तासाला सुमारे २२४ ग्रॅम. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘२२४ वाले इंजिन जास्त पिते’ असे म्हणणारे मला बंदरावर पुष्कळदा भेटले आहेत, पण ते एकच इंजिन आहे.

आता उष्मांक मूल्याकडे वळू. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८७ किलोज्यूल, म्हणून १०,२०० किलोकॅलरी आणि ४२.७ मेगाज्यूल ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. ४५.६ हा आकडाही खोटा नाही, पण तो ढोबळ मूल्याचा आहे. डिझेलमधील हायड्रोजन जळून पाणी होते, आणि त्यातला ऑक्सिजन हवेतून येत असल्याने एक किलो डिझेलमागे एक किलोहून अधिक पाणी तयार होते. हे पाणी वाफेच्या रूपानेच धुरांड्यातून निघून जाते आणि तिच्यातील सुमारे २.९ मेगाज्यूल उष्णता आपल्या हाती लागत नाही. ती वजा केली की ४२.७ हे निव्वळ मूल्य उरते. इंजिनाच्या हिशेबात निव्वळ मूल्यच घ्यावे.

या मूल्याचा उपयोग पडताळणीसाठी फार चांगला होतो. एका लिटरमध्ये ०.८३ गुणिले ४२.७ म्हणजे सुमारे ३५.४ मेगाज्यूल, आणि एका किलोवॅट-तासाला ३.६ मेगाज्यूल या दराने ९.८ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिन २२४ ग्रॅम जाळून, म्हणजे सुमारे ९.६ मेगाज्यूल खर्चून, ३.६ मेगाज्यूलचे काम देते. त्याची कार्यक्षमता ३७.६ टक्के झाली. म्हणजे लिटरमागे ३.७ किलोवॅट-तास किंवा जवळपास बरोबर पाच अश्वशक्ती-तास काम मिळते. ११० ला पाचाने भागले की पुन्हा २२ लिटरच येतात. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले, की हिशेबावर विश्वास ठेवावा. आपल्यासारख्या इंजिनासाठी ‘पाच अश्वशक्ती-तासांना एक लिटर’ एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

मात्र जाळे नसताना बोट नुसती चालत असेल, तर बोट ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी शक्ती इंजिनाच्या मिनिटामागच्या फेऱ्यांच्या, म्हणजे आरपीएमच्या, घनाच्या प्रमाणात बदलते. आरपीएम ८० टक्क्यांवर आणला की ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे सुमारे ५६ अश्वशक्ती पुरते. कमी भारावर ग्रॅमचा आकडा थोडा वाढतो. तो १७० धरला तरी खप तासाला साडेअकरा लिटरच्या आसपास राहतो. जाळे ओढताना मात्र हा नियम लावू नये, कारण तेव्हा त्याच फेऱ्यांवर इंजिनावरचा भार बराच जास्त असतो.

पुस्तिकेतील आकडा नव्या इंजिनाचा असतो, म्हणून प्रत्यक्ष मोजून पाहावे. खुणा केलेल्या भांड्यातून इंजिनाला डिझेल द्यावे आणि एक लिटर किती वेळात संपते ते पाहावे. पाच मिनिटे बारा सेकंद लागली तर खप तासाला ११.५ लिटर. नोझलकडून (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाकडून) टाकीत परत येणारी नळीही त्याच भांड्यात सोडावी, नाहीतर परतलेले डिझेल जळाले असेच धरले जाते. भांड्यातले डिझेल तळाशी जाऊ देऊ नये, कारण डिझेलच्या लाइनने हवा घेतली तर भर समुद्रात इंजिन बंद पडेल.

काही महिन्यांनी त्याच फेऱ्यांवर लिटर वाढलेले आढळले, तर लगेच इंजिनाला दोष देऊ नये. अश्वशक्तीमागचे ग्रॅम वाढले असतील तर नोझल, पंप किंवा कॉम्प्रेशन तपासावे लागेल. पण बुडाला शेवाळ आणि शिंपले चिकटल्याने बोटीची अश्वशक्तीची गरजच वाढलेली असू शकते, आणि लिटरचा आकडा या दोहोंतला फरक सांगत नाही. पावसाळी बंदीत बोट वर ओढून बूड साफ झाल्यावर, पुन्हा पाण्यात उतरवताच पूर्वीच्याच आरपीएमवर मोजावे. लिटर पहिल्या आकड्यावर आले, तर इंजिन उघडण्याचा खर्च करू नये.