बुटांची ऑफर राहू दे, आधी साठ दिवसांची नोटीस पाठव

कोल्हापूरच्या एका फुटबॉलपटूचा प्रश्न आलाय आणि हल्ली असे बरेच येतात, क्लब वेगळा, कागद तोच. वय वीस, तालमीच्या संघातून वर आलेला, आता राष्ट्रीय पातळीवरच्या लीगमध्ये खेळतो. सतराव्या वर्षी एका स्पोर्ट्स मार्केटिंग कंपनीबरोबर तीन वर्षांचा करार केला, सोबत वडिलांची सही. मुदत येत्या 31 मार्चला संपतेय. आता दुसरीकडून बुटांची चांगली ऑफर आलीय, तर कंपनी म्हणते की मुदत संपली तरी प्रत्येक ऑफर आधी आम्हाला दाखवायची, तेवढेच पैसे आम्ही दिले तर आमच्याकडेच राहायचं. हे कायद्यात बसतं का?

नाही बसत. यावर सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे, परसेप्ट डी'मार्क ही मार्केटिंग कंपनी विरुद्ध क्रिकेटपटू झहीर खान. त्यांचा करार ऑक्टोबर 2003 मध्ये संपला आणि त्यातही असंच कलम होतं. मुंबई हायकोर्टात सिंगल जजने कंपनीच्या बाजूने मनाई हुकूम दिला, डिव्हिजन बेंचने तो उठवला, आणि मार्च 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुदत संपल्यावर असा निर्बंध कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 27 खाली, म्हणजे कामधंदा करण्यापासून रोखणारा करार रद्द ठरवणाऱ्या कलमाखाली, टिकत नाही. एवढ्या सरळ मुद्द्याला अडीच वर्षं लागली, आणि खेळाडूची कमाईची वर्षं किती असतात ते तुला मी सांगायला नको.

पण तू करारातलं भलतंच पान धरून बसलायस. तू पाठवलेल्या फोटोंमध्ये शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की मुदत संपायच्या किमान साठ दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप आणखी तीन वर्षं वाढेल. तुझं सगळं या एका ओळीवर आहे. कारण झहीरचा निकाल मुदत संपल्यानंतरचा, करार चालू असताना 'फक्त आमच्याच मार्फत जाहिरात' ही अट कोर्टं साधारणपणे मान्य करतात. मुदत वाढली की कलम 27 तुझ्या कामाचं राहत नाही.

31 मार्चच्या साठ दिवस आधी म्हणजे 30 जानेवारी. आज जानेवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. तू म्हणतोस की 'त्यांच्या मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर बोललोय, तो बघतो म्हणाला'. अरे, करारात लेखी नोटीस आणि कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता स्पष्ट लिहिलाय, तो 'बघतो' म्हणाला त्याचं पुढे काय करणार? तीन वर्षांत हा कागद एकदाही नीट वाचला नाही याचा मला खरंच राग येतो, कारण नुकसान तुझंच आहे. याच आठवड्यात दोन ओळींची नोटीस काढ: करार 31 मार्चला संपेल, मला वाढवायचा नाही. कारणं देऊ नकोस, भांडू नकोस. रजिस्टर्ड पोस्ट सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टने पाठव, पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट ठेव, आणि करारातल्या ईमेलवर पण टाक. 31 मार्चपर्यंत बुटांवाल्यांच्या कुठल्याच कागदावर सही नाही, 'नुसतं लेटर आहे' म्हणाले तरी नाही.

सतराव्या वर्षीच्या सहीचं विचारलंयस. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्द, हे 1903 च्या मोहोरी बीबी प्रकरणापासून पक्कं आहे. पण वडिलांनी पालक म्हणून सही केलीय आणि अठरा झाल्यावर तू ग्लोव्हजसाठी पुरवणी करारावर स्वतः सही केलीस, पैसेही घेतलेस. कंपनी म्हणेल हा नवा करार झाला. कोर्ट कुठल्या बाजूने जाईल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, म्हणून यावर सगळी भिस्त ठेवू नकोस. नोटीसमध्ये 'माझे इतर हक्क राखून' एवढं घाल म्हणजे हा मुद्दा हातात राहील.

क्लबचं थोडक्यात. बूट बहुतेक ठिकाणी खेळाडूच्या मर्जीचे असतात, पण क्लबची जर्सी किंवा लोगो जाहिरातीत दिसला तर क्लबची लेखी परवानगी लागू शकते, तुझ्या क्लबच्या करारात काय आहे ते बघितल्याशिवाय बोलत नाही. तो करार पूर्ण पाठव, सगळी पानं. पण आधी पोस्टात जाऊन ये.