तिकीट मागण्याआधी तिला विचार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

महापालिकेला उभं राहायचं म्हणतोस, लग्नही ठरलं म्हणतोस. छान. पण "घरचं ती सांभाळून घेईल" हे तू इतक्या सहज बोलून गेलास की मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

पुढाऱ्याच्या यशामागे बायको असते, या वाक्याला सत्कारात टाळ्या पडतात. पण आपल्या नागपूरचंच पाहा. देवेंद्र फडणवीस 1992 साली नगरसेवक झाले, 1997 साली महापौर, 1999 साली आमदार. लग्न 2005 साली. पुढे ते मुख्यमंत्री झाल्यावरही अमृताताईंनी बँकेतली नोकरी सोडली नाही. तेव्हा बायकोने नोकरी सोडून प्रचाराला निघालंच पाहिजे, हे डोक्यातून काढ.

खरं काम वेगळंच असतं. तुझे काका राजकारणात असताना आमच्या महाल भागातल्या घरी सकाळी चहा व्हायच्या आत दारात चपलांचा ढीग. काका आंघोळीला, नाहीतर कुणाच्या मयतीला गेलेले. मग मी वही घेऊन बसायचे. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पेशंट भरती करायचाय, कुणाच्या पोराला पोलीस ठाण्यात बसवून ठेवलंय. नाव, गल्ली, काम, सगळं लिहून घ्यायचे. होण्यासारखं नसलं तर तोंडावर सांगायचे. काका मात्र सगळ्यांनाच "पाहतो ना जी" म्हणायचे! माझ्या नकारामुळे मतं गेली असं त्यांना अजून वाटतं. मला वाटतं, त्यामुळेच टिकली.

हे सगळ्यांना जमत नाही, आणि जमलंच पाहिजे असंही नाही. तिला आवडत नसेल तर एखादा पोरगा पगारावर ठेव, कार्यालय घराबाहेर काढ.

आता कायद्याचं. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात तिची मालमत्ता आणि कर्जही येतं. विधानसभा-लोकसभेला तर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोतही सांगावा लागतो. शिवाय महापालिका अधिनियमाप्रमाणे नगरसेवकाच्या पत्नीने अनधिकृत बांधकाम केलं, तरी त्याचं पद जाऊ शकतं. म्हणजे तिच्या नावावर परस्पर प्लॉट घेणं, गच्चीवर खोली चढवणं, हे उद्योग नकोत. सही करण्याआधी कागद तिला वाचू दे.

आणि आरक्षणाच्या सोडतीत तुझी जागा महिलांसाठी राखीव निघाली, तर तिला उभी करून कारभार आपण हाकायचा, हा विचार मनातही आणू नकोस. तिला स्वतःला लढायचं असेल तर गोष्ट निराळी. मग मतदारांच्या नावाच्या चिठ्ठ्या, पोलचिट, वाटायला तू जा.

रविवारी दोघंही जेवायला या. तिला काय खायला आवडतं ते आधी कळव.

तुझी,
काकू