सीपीआर ऑनलाइन शिकवता येतं का? बरंचसं येतं, सगळं नाही

ताई, तुम्ही विचारलंय की धडगावकडच्या उपकेंद्रांतल्या नर्सना झूमवर सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून जीव वाचवणं) आणि नवजात बाळाला बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर मास्क लावून हाताने पिशवी दाबत) श्वास देणं शिकवायचंय, मॅनिकिन (सरावाचे माणसासारखे पुतळे) मोजकेच आहेत, तर कसं करायचं. माझ्या मते थिअरी आणि चर्चा खुशाल स्क्रीनवर घ्या, पण मॅनिकिन तुमच्याकडे ठेवून स्वतः करून दाखवत बसू नका. ते त्यांच्याकडे पाठवा, या उपकेंद्रातून त्या उपकेंद्रात फिरू देत.

तोवर बाकीच्यांनी घट्ट उशीवर सराव करावा. हाताची जागा, कोपरं सरळ, खांदे बरोबर हातांवर, एवढं उशीवर बसतं. 5 ते 6 सेंमी दाब म्हणजे किती हे मात्र उशीवर कळत नाही, त्याला क्लिक होणारं नाहीतर दिवा लागणारं मॅनिकिनच पाहिजे, कारण व्हिडिओत खोली तुम्हालाही नीट दिसत नाही.

लाइव्ह कॉलवर टाळ्या वाजवून ताल मुळीच देऊ नका, तिकडे नेट अडकतं, तुमची टाळी उशिरा पोचते आणि सगळ्यांचाच ताल बिघडतो. मेट्रोनोमचं (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं) ॲप मिनिटाला 110 वर लावायला सांगा (100 ते 120 मधे असलं की झालं), तो फोन वेगळा आणि शूटिंगचा वेगळा. शूटिंग समोरून नको, बाजूने, फोन जमिनीलगत ठेवून, म्हणजे कोपर वाकलं की लगेच दिसतं. आणि व्हिडिओ सलग 2 मिनिटांचाच मागवा, कुठेही न कापता, कारण सुरुवातीला सगळ्याच छान करतात, दमल्या की दाब उथळ होतो, हात छातीवर टेकून राहतात, छाती पूर्ण वर येत नाही, खरं शिकवायचं तिथेच असतं. व्हिडिओ बघून आधी त्या नर्सलाच विचारा काय दिसलं, मग तुम्ही बोला.

बाळाच्या बॅग-मास्कला साधी बाहुली चालणार नाही, छाती उचलली जातेय का हेच तर बघायचंय. मास्कच्या कडेने हवा निसटली तर तो आवाज कॉलवर ऐकूच येत नाही, म्हणून तिथे शेजारी एखादी अनुभवी एलएचव्ही (नर्सवर देखरेख करणारी आरोग्य सहाय्यिका) बसवाच. मिनिटाला 40 ते 60 श्वास, तेही जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटातच सुरू व्हायला हवेत, त्यामुळे बॅग-मास्क जोडून तयार ठेवण्यापासूनच सराव घ्या.

पासचा शेरा मात्र व्हिडिओवर देऊ नका, त्यासाठी समोरासमोर बघायला एक दिवस पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मीटिंगला जोडून मागून घ्या.